कुठेही न लिहिलेला नियम आणि १९६३चं एक हस्तांदोलन



पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या गाईडनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. मी मोठ्या उत्साहात सांगत होतो की माझा विषय आहे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांमधला वर्णभेद आणि त्यामागचे 'अलिखित नियम'. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "अलिखित? म्हणजे कागदच नाही. मग तू पुरावा म्हणून काय दाखवणार?"

बोलती बंद. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, आणि ते मला एका बास्केटबॉल टीमच्या एका सीझननं शिकवलं. म्हणून आजचा लेख शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या १९६२-६३च्या सीझनवर. बास्केटबॉल कळत नसेल तरी चालेल, लागेल तेवढं मी सांगत जाईन.

नियम काय होता?

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पण बघायला येतं कोण? खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक. अमेरिकेत तसं नाही. तिथे कॉलेज बास्केटबॉल हा हजारो प्रेक्षकांचा, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांचा खेळ आहे. दरवर्षी मार्चमध्ये एनसीएए या संघटनेची बाद फेरीची स्पर्धा होते आणि ती जिंकणारी टीम राष्ट्रीय विजेती ठरते.

१९६०च्या आसपास या खेळात दोन अलिखित नियम चालू होते. ते वेगवेगळे आहेत, त्यामुळे त्यांची गल्लत करू नका.

पहिला उत्तरेकडचा. उत्तरेतल्या बऱ्याच विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश होता, टीममध्येही घेत. पण कोर्टवर एका वेळी किती उतरवायचे याचं एक गणित होतं. कोचमंडळींमध्ये तेव्हा एक विनोद फिरायचा, त्याचा मतितार्थ असा: आपल्या मैदानावर दोन, परगावी तीन, आणि हरायला लागलात तर चार. विनोद कशावर होतो? जे सगळ्यांना माहीत असतं त्यावरच. तेव्हा हा विनोद हाच माझ्यासाठी पहिला पुरावा.

दुसरा नियम दक्षिणेकडचा, मिसिसिपी राज्याचा. तिथल्या गोऱ्यांच्या सरकारी विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हतेच. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. ज्या टीममध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू आहे, तिच्याशी आपल्या गोऱ्या टीमनं खेळायचंसुद्धा नाही, असा दंडक होता. असा कायदा नव्हता. पण खेळलात तर विद्यापीठाचं अनुदान कापू, ही धमकी आमदारांकडून कायम टांगलेली असायची.

आता लोयोलाची टीम बघा.

पाच जण

लोयोला हे शिकागोमधलं जेझुइट पाद्र्यांचं विद्यापीठ. कोच जॉर्ज आयर्लंड. त्याला जिंकायचं होतं, आणि जिंकायला चांगले खेळाडू कुठे मिळतात हे त्याला कळलं होतं. बाकीचे कोच जिथे जायला कचरत होते, तिथे तो गेला.

कॅप्टन जेरी हार्कनेस आणि रॉन मिलर न्यूयॉर्कचे. लेस हंटर आणि व्हिक राउज हे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे, दोघं एकाच शाळेचे. शाळेचं नाव पर्ल हायस्कूल. ते लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. हे चौघं कृष्णवर्णीय. पाचवा जॉन ईगन, शिकागोचाच, गोरा.

इथे एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर तुम्हाला या टीमबद्दल 'इतिहासातली पहिली' असं बरंच काही वाचायला मिळेल. 'पहिला' हा शब्द दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्यानं कान टवकारावेत. चार कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीपासून खेळवणं हे लोयोलानं पहिल्यांदा केलं असं नाही. आदल्याच वर्षी, १९६२ साली, विजेत्या सिनसिनाटीच्या टीमनं ते केलं होतं. आणि सगळेच्या सगळे खेळाडू कृष्णवर्णीय असलेली टीम राष्ट्रीय पातळीवर जिंकू शकते, हे तर नॅशव्हिलच्याच टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजनं १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षं एनएआयए या दुसऱ्या संघटनेची स्पर्धा जिंकून दाखवून दिलं होतं. फक्त मोठ्या वर्तमानपत्रांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं.

मग लोयोलाचं वेगळेपण कशात? आयर्लंड आकडा मोजायचाच थांबला, यात. डिसेंबर १९६२मध्ये वायोमिंगविरुद्ध त्यानं एकाच वेळी पाच कृष्णवर्णीय खेळाडू कोर्टवर ठेवले. मोठ्या विद्यापीठांच्या पातळीवर हे पहिल्यांदाच घडल्याचं सांगतात. ('पहिल्यांदाच' आलंच बघा. म्हणून 'सांगतात'.)

टीम खेळायची भन्नाट. कोर्टभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जायचं, चेंडू हिसकावायचा, पळत सुटायचं. त्या सीझनमध्ये मॅचमागे सरासरी जवळजवळ ९२ गुण, देशात सगळ्यात जास्त. पण याची किंमतही होती. दक्षिणेत खेळायला गेलं की प्रेक्षकांकडून शिव्या, हॉटेलात एकत्र राहायची बंदी. त्यातच सीझनच्या मध्यावर दोन चांगले राखीव खेळाडू परीक्षेतल्या गुणांमुळे अपात्र ठरले. उरले कोण, तर हे पाच. बाकी बाकावर नावापुरतेच.

आता दुसरी बाजू

मिसिसिपी स्टेट विद्यापीठ, गाव स्टार्कव्हिल. कोच बेब मॅकार्थी. टीम सगळी गोरी आणि खरोखर चांगली. १९५९, १९६१ आणि १९६२ अशी तीन वर्षं या टीमनं एनसीएए स्पर्धेत जायचा हक्क कमावला होता. तिन्ही वेळा नकार दिला, कारण तिथे समोर कृष्णवर्णीय खेळाडू येण्याची शक्यता होती. तिन्ही वेळा त्यांच्या जागी केंटकी विद्यापीठ गेलं.

जरा थांबून विचार करा. वीस-एकवीस वर्षांची मुलं. वर्षभर घाम गाळतात, जिंकतात आणि घरी बसतात. हा माझा दुसरा पुरावा. नियम कुठे लिहिलेला नसतो, पण तो पाळण्यासाठी लोक जे नुकसान सोसतात ते नोंदलेलं असतं. स्पर्धेच्या तक्त्यात जिथे मिसिसिपी स्टेटचं नाव असायला हवं तिथे दुसऱ्याचं नाव आहे. ती न दिसणारी ओळ वाचायला शिकणं, हेच माझं काम.

१९६३ साली टीम चौथ्यांदा पात्र ठरली. पण ते वर्ष कसलं होतं? सहाच महिन्यांपूर्वी, १९६२च्या सप्टेंबरअखेरीस, त्याच राज्यातल्या ओल मिस विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल झाली होती. दोन माणसं मेली, लष्कर बोलवावं लागलं. गव्हर्नर रॉस बार्नेट कट्टर वर्णभेदी. अशा वातावरणात मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कोलवर्ड ('डीन' हे त्यांचं नाव, पद नव्हे) यांनी २ मार्चला जाहीर केलं की टीम जाणार.

गदारोळ झाला. ९ मार्चला राज्याच्या विद्यापीठ मंडळाची बैठक झाली. ८ विरुद्ध ३ मतांनी मंडळ कोलवर्ड यांच्या बाजूनं उभं राहिलं. मग एक आजी आणि एक माजी असे दोन सिनेटर कोर्टात गेले आणि १३ मार्चला टीमनं राज्याबाहेर जाऊ नये असा मनाई हुकूम घेऊन आले.

आणि हा माझा तिसरा, सगळ्यात लाडका पुरावा. बघा, इतकी वर्षं जो नियम कुठेच लिहिलेला नव्हता, तो मोडायची वेळ आली तेव्हा त्याला कागदावर यावंच लागलं. मतदान झालं, अर्ज झाला, हुकूम निघाला. अलिखित नियम जोवर सगळे निमूट पाळतात तोवर अदृश्य असतो. कुणीतरी अंगठा बाहेर काढला की कोर्टाचे शिक्के बाहेर पडतात. गाईडना आता मी हेच सांगतो.

गनिमी कावा

मनाई हुकूम टीमच्या हाती पडण्याआधी टीमनं राज्य सोडणं भाग होतं. पुढचं सगळं आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल. मॅकार्थी आणि क्रीडा विभागाचे प्रमुख रातोरात गाडीनं टेनेसीत निसटले. कोलवर्ड शेजारच्या अलाबामा राज्यात गेले, म्हणजे हुकूम बजावायला माणूसच सापडू नये. १४ मार्चच्या सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पुढे पाठवलं. पोलीस आलेच तर त्यांना हे सापडतील, मुख्य खेळाडू लपलेले राहतील. तिथे कुणी अडवायला नाही असं पाहिल्यावर बाकीचे आले, विमानात बसले, वाटेत नॅशव्हिलला कोचला घेतलं आणि मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंगला पोचले.

हा भाग वाचताना मजा येते, मलाही आली. पण इथे एक गोष्ट निसटू देऊ नका. या मुलांना समता हवी होती म्हणून ती निघाली, असं म्हणता येत नाही. त्यांना खेळायचं होतं. देशातल्या चांगल्या टीमसमोर आपण कुठे आहोत हे बघायचं होतं. कॅम्पसवरच्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही तेच वाटत होतं. मला हे कमीपणाचं वाटत नाही. उलट मला वाटतं, अन्यायाचा नियम कधीकधी असाच ढासळतो. तो ज्यांच्या फायद्यासाठी केलेला असतो, त्यांनाच तो महाग पडू लागतो.

१५ मार्च १९६३

तिकडे लोयोलानं पहिल्या फेरीत टेनेसी टेकला १११-४२ असं धुतलं होतं. ६९ गुणांचा तो फरक या स्पर्धेतला विक्रम आहे. आता समोर मिसिसिपी स्टेट.

मॅचआधी दोन्ही कॅप्टन कोर्टच्या मध्यावर आले. लोयोलाचा जेरी हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड. दोघांनी हात मिळवला आणि चहूबाजूंनी कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडाले. हार्कनेसनं पुढे अनेकदा सांगितलंय की इतके फ्लॅश बघून त्याला कळलं, ही नुसती मॅच नाही.

मॅच स्वच्छ झाली. कुणी कुणाला अपशब्द बोललं नाही, धक्काबुक्की नाही. मिसिसिपी स्टेटनं ७-० अशी सुरुवात केली, मग लोयोलानं जम बसवला आणि ६१-५१ नं जिंकली. आज अमेरिकेत या मॅचला 'परिवर्तनाची मॅच' म्हणून ओळखतात.

सहसा विसरली जाणारी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी मिसिसिपी स्टेट तिसऱ्या क्रमांकासाठी बोलिंग ग्रीनशी खेळली आणि ६५-६० नं जिंकली. बोलिंग ग्रीनचा मुख्य खेळाडू होता नेट थर्मंड, कृष्णवर्णीय, पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमधला दिग्गज. म्हणजे त्या मुलांनी चोवीस तासांत तो नियम दोनदा मोडला. दुसऱ्यांदा मोडला तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली नाही. मला विचाराल तर दुसरी मॅच जास्त महत्त्वाची. नियम पहिल्यांदा मोडतो तेव्हा बातमी होते. दुसऱ्यांदा मोडल्याची बातमी होत नाही, तेव्हा तो मोडला असं समजावं.

आणि अजिंक्यपद?

हस्तांदोलनाच्या गोष्टीत एवढे रमतात की ही टीम पुढे जिंकली कशी हे सांगायचं राहून जातं. ते सांगायलाच हवं, कारण तीही मुलं जिंकायलाच आली होती.

लोयोलानं इलिनॉयला ७९-६४ आणि उपान्त्य फेरीत ड्यूकला ९४-७५ असं हरवलं. २३ मार्चला लुइव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये अंतिम सामना, समोर सिनसिनाटी. सलग दोन वर्षांचे विजेते, तिसऱ्या विजेतेपदावर डोळा. त्यांच्याकडे सुरुवातीच्या पाचात तीन कृष्णवर्णीय. म्हणजे चेंडू हवेत उडाला तेव्हा कोर्टवरच्या दहापैकी सात खेळाडू कृष्णवर्णीय होते. वर्षभर 'दोन की तीन' मोजणाऱ्या कोचमंडळींना हे दृश्य कसं वाटलं असेल!

सामना मात्र लोयोलाच्या हातातून निसटत होता. चेंडू टाकला की तो रिंगवर आपटून परत यायचा. ८४ प्रयत्नांत फक्त २३ बास्केट, आजही वाचवत नाही असा आकडा. पहिल्या हाफमध्ये हार्कनेसची पाटी कोरी. दुसऱ्या हाफमध्ये एका क्षणी स्कोअर होता सिनसिनाटी ४५, लोयोला ३०.

आता एक बारकावा. तेव्हा कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. पंधराची आघाडी घेतलेल्या टीमनं आपापसात पास देत वेळ काढला तरी चालायचं. सिनसिनाटीनं तेच करायला घेतलं. पण लोयोलाची अख्खी ताकद चेंडू हिसकावण्यातच होती. सिनसिनाटीच्या खेळाडूंवर फाउल वाढत गेले, चुका होत गेल्या. त्यांनी १६ वेळा चेंडू गमावला, लोयोलानं फक्त ३ वेळा.

शेवटची १२ सेकंद. सिनसिनाटी पुढे. लॅरी शिंगलटनला दोन फ्री थ्रो. पहिला आत, ५४-५२. दुसरा आत गेला असता तर खेळ खल्लास, कारण तेव्हा तीन गुणांची बास्केट नव्हती. तो चुकला. हंटरनं रिबाउंड घेतला, चेंडू धावत हार्कनेसकडे गेला आणि त्यानं स्कोअर ५४-५४ केला.

पाच मिनिटांचा ओव्हरटाइम. ५८-५८ असताना एका जंप बॉलवर ईगननं चेंडू आपल्याकडे वळवला. लोयोलानं शेवटच्या शॉटसाठी वेळ काढला. हार्कनेस टाकणार असं सगळ्यांना वाटलं, त्यानं हंटरला पास दिला. हंटरचा शॉट चुकला. आणि व्हिक राउज तिथे होता. त्यानं परत आलेला चेंडू पकडला आणि शेवटच्या क्षणी आत घातला. ६० विरुद्ध ५८.

लोयोलाच्या पाचही जणांनी पूर्ण ४५ मिनिटं खेळली. एकही बदली खेळाडू नाही. सीझनचा हिशेब २९ विजय, २ पराभव. आजवर इलिनॉय राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाला पुरुषांचं हे विजेतेपद मिळालेलं नाही.

मग बदललं काय?

इथे लेख संपवला असता तर छान गोड झाला असता. पण तसं करणं बरोबर नाही.

१२ जून १९६३. त्या हस्तांदोलनाला तीन महिनेही झाले नव्हते. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घरासमोर गोळी घालून खून झाला. मिसिसिपी स्टेट विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, रिचर्ड होम्स, १९६५ साली आला. त्यांच्या बास्केटबॉल टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू यायला सत्तरचं दशक उजाडलं.

आणि आठवतंय, पर्ल हायस्कूलचं नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं? हंटर आणि राउज नॅशव्हिलचे. त्यांच्या गावातच व्हँडरबिल्ट हे मोठं विद्यापीठ होतं, पण त्याच्या टीमचं दार त्यांना बंद. म्हणून ते शिकागोला गेले. काही वर्षांनी त्याच शाळेतला पेरी वॉलेस व्हँडरबिल्टमध्ये दाखल झाला. दक्षिणेतल्या त्या एसईसी नावाच्या गटात मुख्य टीमकडून खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. १९६७ साली, पहिल्या वर्षाच्या टीमकडून खेळताना, तो स्टार्कव्हिलला गेला. हो, तेच स्टार्कव्हिल. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की मध्यंतराच्या वेळी ते दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून बसले होते.

आपण नेहमी पहिल्या हस्तांदोलनाचा फोटो छापतो. या दुसऱ्या धरलेल्या हातांचा फोटो नाही. माझ्या प्रबंधात दोन्ही असावेत असा माझा प्रयत्न आहे.

मग पहिलं हस्तांदोलन खोटं होतं का? मला तसंही वाटत नाही. हार्कनेस आणि गोल्ड यांची पुढे मैत्री झाली. २०११ साली गोल्ड वारला तेव्हा हार्कनेस अंत्यविधीला गेला होता. शवपेटीजवळ तो हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला त्याला दिसला. आयुष्यात एवढं खेळलेल्या माणसाच्या घरच्यांनी हरलेल्या मॅचचा फोटो तिथे ठेवावा, यात सगळं आलं. पुढच्या वर्षी दोन्ही विद्यापीठांनी शिकागोत पुन्हा मॅच खेळून त्या दिवसाची आठवण जागवली. २०१३मध्ये लोयोलाच्या खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये बोलावणं आलं, तेव्हा तिथे राष्ट्राध्यक्ष ओबामा होते. हार्कनेस २०२१मध्ये गेला.

एका हस्तांदोलनानं एका राज्याचं मन बदलत नाही. पण 'हे असंच असतं' असं जे सगळे म्हणत होते, ते 'असंच' नसतं हे त्यानं दाखवलं. नियम माणसांनीच केला होता, कारण माणसांनाच तो वाचवायला कोर्टात पळावं लागलं.

तुमच्या आसपास असा एखादा न लिहिलेला नियम आहे का? वाड्यात, कॉलेजात, ऑफिसात, देवळात, मैदानावर? तो शोधायची युक्ती आता तुम्हाला माहीत आहे. त्यावर कसले विनोद होतात ते ऐका. तो पाळण्यासाठी कोण काय गमावतं ते मोजा. आणि तो कुणी मोडला की कुणाला कागद काढावा लागतो, ते बघा.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. पुढच्या लेखात पेरी वॉलेसबद्दल सविस्तर लिहीन.